कॅलेंडरमधलं तळं

बाबा, तुमची नात मला तळं दाखवायला नेणार आहे. ती आता स्कॉटलंडला असते. शिकायला गेली आणि तिथंच नोकरीला लागली. तिकडच्या डोंगराळ भागात लांबच लांब तळी आहेत म्हणे, थंड पाण्याची, आणि त्यातल्या एकाच्या काठी आम्ही दोघींनी दोन दिवस राहायचं असा तिचा बेत आहे. बेत कसला, उंटावरून शेळ्या हाकणं चाललंय. रोज फोन. आई, जाड मोजे घेतले का? आई, पासपोर्टच्या फोटोत अशी चोरासारखी का बघतेस? तळ्याच्या बाजूची खोली घेऊ की डोंगराच्या? मी दारव्ह्याच्या बाजारात लोकरीचे मोजे शोधत फिरते आणि दुकानदार म्हणतो, "मॅडम, या उन्हात मोजे कायले पाह्यजे तुमाले?" परवा तिनं चार तळ्यांचे फोटो पाठवले, यातलं एक निवड म्हणाली. चौथा फोटो पाहिला आणि मी फोन पालथा ठेवून दिला. डाव्या अंगाला उतरता डोंगर, उजवीकडे तीन झाडं, मध्ये पाणी आणि पाण्यावर काहीच नाही. आपल्या कॅलेंडरचं तळं तेच की त्याचं कुणी भावंड, मला सांगता येणार नाही. पण त्या रात्रीपासून जेवण गोड लागत नाही.

ते कॅलेंडर तुम्हाला कापसाच्या जिनमधून मिळालं होतं. वर्ष सरलं तशी आईनं खालची तारखांची पानं फाडून चुलीत घातली, पण वरचं चित्र तुम्ही काढू दिलं नाही. चुलीच्या समोरच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि तिच्या शेजारी ते तळं. एकदा मी बॉलपेननं त्या पाण्यात एक नाव काढली. तिसरीत असेन. तुम्ही मला कधी रागावला नाहीत, पण त्या दिवशी पेन हिसकावून घेतलं. "त्या पाण्यात काही टाकू नको, माय. मोकळं राहू दे त्याले." मला वाटलं, एवढ्याशा नावेनं काय बिघडतं? आता कळतं, दिवसभर जिनमध्ये रुईच्या भुशात काढून आलेल्या माणसाला जगात एक तरी जागा अशी हवी होती जिथं हवेत काही उडत नाही.

जिनमध्ये तुम्ही सरकी आणि रुई वेगळी करणाऱ्या मशीनवर होता. संध्याकाळी घरी याल तेव्हा भुवया, कान, डोक्याचा रुमाल, सगळं पांढरं. आई म्हणायची, "आला माहा म्हातारा!" आणि तुम्ही खोकत खोकत हसायचा. मग खिशातून कागदाची पुडी निघायची. घशातला भुसा उतरावा म्हणून जिनमध्ये तुम्हा लोकांना रोज गुळाचा खडा मिळायचा. तुम्ही तो अर्धा, कधी सगळाच, माझ्यासाठी आणायचा. त्याला कापसाचा एखादा तंतू चिकटलेला असायचाच. गूळ चघळायचा आणि शेवटी जिभेवरून तो तंतू ओढून काढायचा, हा माझा खेळ. तो गूळ औषध म्हणून मिळतो हे मला कुणी सांगितलं नाही, आणि मी तरी कधी विचारलं? गोड गोष्टीची चौकशी करतं कोण!

मग ती कापसाची वाईट वर्षं आली. एका साली बोंडअळीनं खाल्लं, दुसऱ्या साली पाऊसच रुसला. जिनच्या फाटकापासून बोरी अरबच्या रस्त्यापर्यंत लागणारी बैलगाड्यांची रांग बघता बघता दहा-बारा गाड्यांवर आली. आठवड्यातले चार दिवस मशीन बंद. लोक चेहरे पाडून बसायचे, तुमचा दम मात्र तेवढ्यात जरा बरा असायचा. डॉक्टरनं तुम्हाला थंड हवेला जा म्हणून सांगितलं होतं. मी तेव्हा यवतमाळला कॉलेजात, दिवाळीच्या सुट्टीत घरी आलेली. मी भाकरी थापतेय, तुम्ही भिंतीकडे बोट दाखवता. "चिखलदऱ्याले असंच तळं हाय म्हणते. जिन बंद हाय तं चाल, आपण दोघं जाऊन येऊ. अमरावती, मंग परतवाडा, मंग घाट. मले पाट्या वाचता येत नाई, तू वाचजो."

बाबा, मी आता शाळेत मुलांना खरं बोला म्हणून शिकवते, तेव्हा सरळच लिहिते. मला तुमची लाज वाटली. एसटीत तुम्ही खोकणार, खिडकीतून थुंकणार, लोक सरकून बसणार आणि माझ्या कॉलेजचं कुणी ना कुणी त्याच गाडीत निघणार, एवढंच माझ्या डोळ्यांसमोर आलं. मी तव्यावरची भाकरी उलटत म्हणाले, "बाबा, तिथं काय पाहता? माही मैत्रीण जाऊन आली. तळं आटलं, थेंब नाही." अशी कुठलीच मैत्रीण नव्हती. दुष्काळाचं साल होतं, म्हणून खोटं सहज खपलं. तुम्ही चित्राकडे पाहिलं आणि म्हणालात, "इकडं नाई तं तिकडं तरी कुठून असन पाणी? पुढच्या साली पाहू." पुन्हा तो विषय काढला नाही.

आणि दोन महिन्यांनी कॉलेजची सहल निघाली, ती चिखलदऱ्यालाच. मी नाव दिलं. नाही द्यायला हवं होतं, पण दिलं. निघायच्या आदल्या दिवशी घरी आले आणि सहल कुठं जातेय ते तुम्हाला सांगितलं. तुम्हीच मला दारव्ह्याच्या काळी-पिवळीपर्यंत पोचवायला आलात. वाटेत तीनदा थांबलात, दम खायला. जीप सुटताना पुडी हातात कोंबली. "घाटात मळमळते. तोंडात ठेवजो." मला घाटात मळमळलं नाही. तो गूळ मी तळ्याच्या काठावर एकटी बसून खाल्ला, तंतूसकट. तळ्याचं शेवटी सांगते, आत्ता हात चालत नाही.

मी परत आले तेव्हा तुम्ही ओट्यावर बसून वाट पाहत होता. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, मला वाटलं तुम्हाला सगळं कळलंय आणि आता विचारणार. विचारलंत खरं, पण कसं! "आलं काय वं पाणी तळ्याले?" त्या क्षणी मला खरं बोलता आलं असतं. पाऊस पडला, भरलं, असं काहीही चाललं असतं. पण एका खोट्याला दुसऱ्याचा टेकू लागतो. मी म्हणाले, "नाही. कोरडंच हाय." तुमचा चेहरा उतरला, तो तुमच्यासाठी नाही, माझ्यासाठी. माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणालात, "एवढ्या लांब गेली माही पोरगी अन् कोरडं तळं पाहून आली. काही हरकत नाई. भरलं का मी नेतो तुले." आई आतून ओरडली, "अगोदर खोकला तं थांबवा, मंग पोरीले फिरवा!" पुढचा पावसाळा चांगला लागला. तुम्ही तो पुरा पाहिला नाही.

आज पुन्हा फोन आला. मी पोरीला सांगितलं, माझे गुडघे दुखतात, एवढा प्रवास झेपायचा नाही, तू मैत्रिणींबरोबर जाऊन ये. ती म्हणाली, "आई, खरं सांग. काहून नाही येत?" तिकडे जाऊन इतकी वर्षं झाली, पण काहून तेवढं राहिलंय तिच्या तोंडात. म्हणाली, "मला तुला दाखवायचंय गं." तुमचं 'मी नेतो तुले' हेच, थोडं फिरवून. तिला हो म्हणायचं तर आधी हे सगळं सांगावं लागेल, आणि नाही म्हणायचं तर हे तिसरं खोटं. गुडघे धडधाकट आहेत, बाबा. रोज शाळेचे दोन जिने चढते.

हा कागद घडी घालून त्या चित्रामागे ठेवते. ते अजून आहे माझ्याकडे. रंग उडाला, पण माझी नाव तशीच दिसते. उद्या तिला फोन करेन, तळ्याच्या बाजूची खोली घे म्हणेन. निदान आज तरी तसं ठरवलंय. पण आधी तुम्हाला सांगते, कारण विचारलं तुम्ही होतं.

तळ्याला पाणी होतं, बाबा. काठोकाठ होतं.