पुढच्या रांगेतला उत्तमपुरुष

बाबा, विमानातली पुढची सीट तिच्या किमतीची असते का, हे तुम्हाला विचारायचं राहून गेलं. मी अकरावीत होते तेव्हाच विचारायला हवं होतं. पण उत्तर तुम्हाला ठाऊक आहे हे मला कळलं होतं, आणि मला कळलंय हे तुम्हाला ठाऊक नव्हतं. अशा अवस्थेत मुलगी गप्प बसते आणि मोठेपणी संस्कृत शिकवायला लागते.

लखनऊला, इंदिरा नगरच्या घरातलं स्वयंपाकघर आठवतं का? तिथेच तर तुम्ही मला व्याकरण शिकवलंत, ताटं मांडता मांडता. एकदा घरातल्या मराठी पुस्तकाच्या सवयीने मी परीक्षेत ‘अहम्’ला प्रथमपुरुष लिहून आले. तुम्ही पोळीचा तुकडा हातातच ठेवून म्हणालात, “मराठीत ‘मी’ पहिला. म्हणून तर दोन मराठी माणसांचं एक मंडळ चालत नाही. संस्कृतात क्रम बघ. गच्छति, गच्छसि, गच्छामि. आधी तो, मग तू, सगळ्यात शेवटी मी. आणि जो शेवटी, तोच उत्तमपुरुष.” त्या दिवसापासून घरात तो कायदाच झाला. आधी पाहुणा, मग आई आणि मी, मग तुम्ही. लखनऊची माणसं ‘पहले आप’ म्हणून मोकळी होतात, तुम्ही त्याला पाणिनीचा आधार दिलात. तुम्ही भाजी शेवटी वाढून घेत होतात आणि मी तुमच्याकडे देवाकडे बघावं तसं बघत होते.

सत्याऐंशीच्या मे महिन्यात आईची पाठ धरली होती आणि अमरावतीला तिच्या भावाचं लग्न होतं. आई पोळ्या लाटता लाटता, तुमच्याकडे पाठ करूनच म्हणाली, “दिल्लीहून नागपूरला विमान जातं म्हणे.” तुम्ही वर्तमानपत्र खाली न ठेवता म्हणालात, “अगं, डबा कुठलाही असो, पोचायचं तर एकाच गावाला ना? बर्थवर आडवी राहा, पाठीला आरामच.” आई आडवी राहिली. मधल्या बर्थवर, दीड दिवस, गाडी बदलताना माझ्या खांद्यावर भार टाकून. इटारसीला मी चहा घेऊन आले तेव्हा तिला उठून बसता येत नव्हतं. तिने बशीतून, मान वळवून प्यायला. त्यानंतर बरीच वर्षं तिने माहेरचं नाव काढलं नाही. मी मात्र तुमच्याच बाजूने होते. मला वाटलं, आईला गच्छामि जमत नाही.

त्याच हिवाळ्यात तुम्ही दिल्लीला कुठल्याशा समितीसाठी गेलात. तिकीट समितीचं, विमानाचं. परत येताना तुम्हाला घ्यायला मी अमौसीच्या विमानतळावर आले. शेजारचे भाईसाहब तिथेच नोकरीला होते, त्यांच्या स्कूटरवर. ऊन छान आहे, आम्ही कठड्याशी उभे आहोत, विमानाला शिडी लागते, दार उघडतं आणि पहिला माणूस उतरतो तो तुम्ही. बगलेत पिशवी, चेहऱ्यावर जावईबापूंसारखं तेज. भाईसाहब खूश. “लो बिटिया, प्रोफ़ेसर साहब तो सबसे पहले! आगे वाली क्लास में थे। क्या ठाठ हैं, भई!” पुढे पडदा लावून मोठ्या खुर्च्या केलेल्या असतात, तिथे बसणाऱ्यांना आधी उतरवतात, हे त्यांनीच मला सांगितलं. सामान घेऊन तुम्ही बाहेर आलात आणि मी काही विचारायच्या आत म्हणालात, “फार वेळ उभी होतीस का? मागे बसलो होतो ना, सगळ्यात शेवटी उतरलो.”

बाबा, खुर्चीचं मला काही वाटलं नसतं हो. पण ‘शेवटी’ हा शब्द तुम्ही वापरायला नको होता. तो आपल्या घरातला होता.

मी आईला सांगितलं नाही. तिची पाठ, तो मधला बर्थ, ती बशी. म्हटलं, हे तिला कळलं तर ती मोडेल. तुम्ही गेलात तेव्हाही नाही. पस्तीसहून जास्त वर्षं मी तिच्या वतीने तुमच्यावर रागावत राहिले, आणि वर्गात मुलांना क्रम शिकवत राहिले.

गेल्या महिन्यात नागपूरला मामाच्या मुलाचं लग्न निघालं. आई आता ब्याऐंशीची. मी दिल्लीमार्गे दोन पुढच्या सीटा काढल्या, खरं सांगायचं तर तुमच्यावर सूड म्हणून. आई बसली, पाय लांब केले, गरम रुमालाने तोंड पुसलं आणि म्हणाली, “अगदी सांगत होते तस्संच आहे गं.”

“कोण सांगत होतं?”

“कोण म्हणजे? तुझे बाबा. दिल्लीहून पुढे बसून आले होते ना ते. वरचे पैसे खिशातले घातले. त्याच संध्याकाळी मला सगळं सांगितलं. म्हणाले, तुझ्या पाठीला चालेल का, ते बसून बघितलं.”

“मग?”

“मग काय! म्हणाले, खुर्ची उत्तम, पण पाऊण तासासाठी एवढे पैसे म्हणजे शुद्ध वेडेपणा.” आणि ती हसली. खुदखुदून, रुमाल तोंडावर धरून. “वर मला म्हणतात, पोरीला सांगू नकोस, तिचं अजून गच्छति चाललंय.”

म्हणजे तुम्ही बसून बघितलंत, निकाल दिलात, आणि तिला नेलं नाहीत. आणि ती यावर हसते. तुमच्या दोघांत ती एक गंमत होती. फसले ती मी एकटी. तिला म्हटलं, तू रागावली नाहीस? म्हणाली, “रागावले की. आठ दिवस भाजीत मीठ घातलं नाही. तुला कळलं नाही का?” कळलं होतं, बाबा. मला वाटलं होतं, तुम्ही मीठ सोडलंत.

तर सीटबद्दल. खुर्ची रुंद असते, चहा काचेच्या कपात येतो, आणि विमान तेवढ्याच वेळात पोचतं. आईच्या पाठीला काही फरक पडला नाही, असं तीच म्हणाली. गंमत म्हणजे उतरताना पडदा सरकला, सगळे गेले, आणि आम्ही बसून राहिलो. आईसाठी व्हीलचेअर सांगितली होती, आणि व्हीलचेअरवाल्यांना शेवटी उतरवतात. एवढे पैसे मोजून गच्छामि.

बाहेर येतो तोच माझ्या मुलाचा फोन. तो सहा फूट उंच आहे. मागच्या दिवाळीला घरी येताना गुडघे दुखतात म्हणून पुढची सीट मागत होता, आणि मी त्याला तुमचं ते डब्याचं वाक्य हिंदीत ऐकवलं होतं. “मम्मी, इतनी देर? फ़्लाइट तो कब की आ गई।” मी म्हटलं, “सबसे आख़िर में उतरे, बेटा। पीछे बैठे थे न।” अर्धं वाक्य खरं होतं. तुमचं तेवढंही नव्हतं.

हे पत्र तुमच्या व्याकरणाच्या पुस्तकात ठेवते आहे. मुलाला मराठी समजतं, पण वाचता येत नाही. म्हणून तर मराठीत लिहिलं.