दोन माणसांनी उघडायचं दार

तीर्थरूप कृपाताईस,

नागापूरहून यशयाचा सलाम. तुझा गुडघा श्रीगोंद्याच्या चर्चच्या पायऱ्या चढू देतो का, ते कळव. माझी प्रकृती ठीक. भूक लागते, झोप येते, दोन्ही थोडी. स्टेला गेल्यावर तू इथे राहिलीस, त्याचे आभार मानायचे राहिले. ते इथे मानतो.

पत्राचं कारण आमचं पुढचं दार. जास्मिन पुण्याला परत जाताना म्हणाली, आई नाही, बाबा एकटे राहणार, दार मजबूत हवं. (जुनं दार स्टेला दोरीने बांधायची. त्याच्याकडे बघूनच चोर पुढे जात असावेत.) म्हणून पुंजाराम मिस्त्रींना बोलावलं. माणूस सज्जन, हात चांगला. पण ते शिंगणापूरचे. त्यांच्याकडे घरांना दार नसतं, कुत्रं शिरू नये म्हणून फार तर फळी टेकवतात. हे मला दार बसवून झाल्यावर आठवलं.

त्यांनी कडी फक्त बाहेरून लावली. मी भीत भीत विचारलं, आतून? तर म्हणाले, "आत मानूस हाय म्हनल्यावर कुत्रं शिरंल कशाला, सर? कडी जाताना लावायची." बाहेर कोण आलंय ते पाहायचं भिंगही उलटं बसवलं. बाहेरच्याला माझं सगळं घर दिसतं, मला नुसता अंधूक ठिपका. शिवाय लाकूड ओलं. दार एकदा लागलं की चौकटीत असं बसतं, की उघडायला दोन माणसं लागतात: एक आतून ओढायला, एक बाहेरून ढकलायला.

तेव्हापासून मला भीती वाटते. आत असलो तर वाटतं, बाहेर पडता येणार नाही. बाहेर असलो तर वाटतं, आता आत जावं लागेल. कुणी बाहेरून कडी घातली तर, म्हणून मी दार विटेने अडवून उघडंच ठेवू लागलो. (म्हणजे आमचंही शिंगणापूरच झालं.)

रविवारी उपासनेला निघताना वीट सरकवली आणि बूट घालायला वाकलो, तोच वाऱ्याने दार लागलं. फोन करावा, तर ओळखीचे सगळे चर्चमध्ये, मोबाईल बंद ठेवून. खिडकी उघडते कारखान्याच्या भिंतीकडे. ओरडणं मला जमत नाही. लहानपणी विहिरीत पडलो तेव्हाही माझ्या वतीने तूच ओरडली होतीस. म्हणून मी दाराला तोंड लावून गीत म्हणू लागलो. कुणी ऐकेल, आणि मदत मागितल्यासारखंही दिसणार नाही. शेजारची बनुबाई आली. तिने भिंगातून पाहिलं असावं, कारण ती नातवंडांना दटावताना ऐकू आली, "गप ऱ्हावा रे, सर बाईंसाठी प्रार्थना करत्यात." मग तिने पोरांना पलीकडच्या गल्लीत पिटाळलं. मी घाबरून आणखी मोठ्याने गायलो. बाहेर आणखीच शांत झालं. ताई, खोटं नाही सांगत, वाटलं की आपल्याला पुरून लोक घरी गेले.

दुपारी बनुबाई भाकरीचा डबा घेऊन आली. तिने ढकललं, मी ओढलं, सुटका झाली. "आवाज लई ग्वाड हाय तुमचा," म्हणाली. "रोज म्हनत जावा."

तेव्हा दाराचं काम होईपर्यंत घरात कुणी सोबतीला असावं, असं जास्मिनचं मत आहे. मी बोलावतोय असं समजू नकोस. तुझा गुडघा आहे.

तुझा भाऊ,
यशया

ता. क. उघडायला दोन माणसं लागतात, हे वर लिहिलंच आहे.

आणखी ता. क. पाकीट चिकटवायच्या आत पुंजाराम येऊन गेले. आतून कडी बसवली, भिंग फिरवलं, रंधा मारला. दार आता एका बोटाने उघडतं. ते गेल्यावर कडी लावून मी भिंगातून पाहिलं. सगळी गल्ली स्वच्छ दिसते. कुणी येत नव्हतं.

ताई, तू ये. दार वाजवावं लागणार नाही, मी भिंगापाशीच असतो.