जेवणाच्या टेबलावरील दोन पडद्यांसंबंधी अखेरची व्यवस्था

मी, खाली सही करणारा, संस्कृतचा शिक्षक, पुढच्या आठवड्यातील हृदयाच्या शस्त्रक्रियेपूर्वी, पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही दडपणाविना हे लिहून ठेवतो. दडपण असलेच तर मांडीवरच्या ताटाचे. वर्षभर जेवणाचे टेबल चिरंजीवांच्या संगणकाच्या दोन पडद्यांनी व्यापले असून घराचा कर्ता कोचावर बसून जेवतो, याची नोंद व्हावी.

१. राहते घर पत्नीला. ते विकण्यास वा गहाण टाकण्यास माझ्या थोरल्या बहिणीची लेखी संमती लागेल. शेअरबाजाराच्या आलेखातले ताईला काही कळत नाही, आणि कळून घेण्याची तिला इच्छाही नाही. म्हणूनच तिची निवड केली.

२. ग्रंथ शाळेला. शब्दकोश तेवढा चिरंजीवांना. त्यात 'अनुमान' आणि 'कल्पना' हे दोन शब्द वेगवेगळ्या पानांवर आहेत.

३. पडदे व आलेख काढणारे सॉफ्टवेअर चिरंजीवांनाच. दुसरे कोणी फुकटही नेणार नाही. त्यांची शास्त्रोक्त पद्धत अशी: भावाखाली एक तिरकी रेषा आखायची, भाव तिच्याखाली घसरला की रेषाच खाली ओढायची, आणि म्हणायचे, "बघा बाबा, अजून रेषेवरच टेकलाय."

गेल्या महिन्यात चुकून कुठलीशी कळ दाबली गेली आणि आलेख उलटा झाला. भाव पडेल तशी रेषा चढू लागली. आठवडाभर या विद्वानाने आम्हांला तेजी समजावली. कडेचे आकडे मी वाचले.

"अरे, वर शंभर आणि खाली दीडशे कसे?"

"बाबा, तुम्ही आकडे नका बघू. पॅटर्न बघा."

त्याच आठवड्यात त्याची आई बँकेतली ठेव मोडून आली. मी विचारले, तर म्हणाली, "अहो, किती मन लावून करतो तो." मन लावल्याने आलेख सुलटा झाला नाही. ठेव गेली.

इथवर चेष्टा केली. आता सरळ लिहितो. शस्त्रक्रियेचे मला भय नाही. परवा त्याने घराचे कागद मागितले, आणि तिने मला न विचारता कपाटाची किल्ली त्याच्या हातावर ठेवली. तिला त्याला 'नाही' म्हणता येत नाही. आजवर तिच्या वाटचे 'नाही' मी म्हणत आलो.

साक्षीदार: शेजारचे औषधविक्रेते; शाळेचे ग्रंथपाल. दोघांनी माझ्यासमक्ष सह्या केल्या.
स्थळ: राहते घर, कोच.
दिनांक: शस्त्रक्रियेआधीचा रविवार, बाजार बंद असताना.