चंद्र काढलेली पुडी

दिग्रस, १४ नोव्हेंबर २००६, मंगळवार

दुपारी आमच्या मिशनच्या दवाखान्यात शेवंता आली. नवरा कापसाच्या ट्रकवर ड्रायव्हर, त्याला एचआयव्ही निघालाय. हिचा रिपोर्ट साफ. मी चर्च सांगतं तेच सांगितलं: संयम ठेवा, वेगळं झोपा. ती म्हणाली, "सिस्टर, तुमाले नवरा नाही म्हनून सांगून राह्यल्या. मी नाही म्हनलं त तो आयकते काय?"

मी उठून कपाट उघडलं.

सरकारी शिबिरातलं निरोधचं खोकं चर्चला चालत नाही, परत पाठवायचं म्हणून तिथंच पडून होतं. त्यातले मूठभर काढले. वाचता न येणाऱ्यांना आम्ही गोळ्यांच्या पुडीवर सकाळसाठी सूर्य किंवा रात्रीसाठी चंद्र काढून देतो. तशीच पुडी बांधली, वर चंद्र काढला. घाईत वाकडा आला. कसं वापरायचं ते तिच्या कानात सांगत होते, तेवढ्यात दारात मदर, आमच्या मठाच्या प्रमुख.

त्यांनी पुडी घेतली, बोटांनी दाबून पाहिली. गोळ्या अशा मऊ लागत नाहीत. त्यांचा जन्म गेलाय पुड्या बांधण्यात.

"कसलं औषध?"

"रात्रीचं," मी म्हणाले. खोटं बोलले का? नाही. मग खरं बोलले का?

मदरनी टेबलावरची पेन्सिल उचलली, माझा वाकडा चंद्र गिरवून नीट केला आणि पुडी शेवंताच्या हातात ठेवली. "संपायच्या आधी ये," एवढंच म्हणाल्या.

संध्याकाळच्या प्रार्थनेत त्या शेजारीच होत्या. एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. शनिवारी फादर कन्फेशनला, आमच्या पापांची कबुली ऐकायला, येतील. या पुडीची कबुली द्यायला आधी कोण उठणार, त्या की मी?