संगीताबाईंचा रिपोर्ट

मंगळवार, संध्याकाळ. नेरूळ.

घरी आल्यापासून कोणाशी धड बोलले नाही. राग सरांचा आहे, आणि माझा स्वतःचाही.

शिरवण्याच्या संगीताबाई एका कंपनीच्या कॅन्टीनमध्ये पोळ्या करतात. त्यांचा टीबीचा रिपोर्ट गेल्या गुरुवारी आमच्या लॅबमधून चुकून त्यांच्या कॉन्ट्रॅक्टरच्या व्हॉट्सॲपवर गेला. हॉस्पिटलचं रेकॉर्ड मीच सांभाळते, त्यामुळे मला तेव्हाच कळलं. अ‍ॅडमिनच्या सरांना म्हटलं, नियमाप्रमाणे पेशंटला लगेच लेखी कळवायला हवं. ते म्हणाले, "त्यांनी विचारलं तर बघू. उगाच कशाला टेन्शन?" आणि मी गप्प बसले. पाच दिवस. का? नोकरीची भीती, दुसरं काय.

आज त्या काउंटरवर आल्या. शनिवारी कॉन्ट्रॅक्टरने त्यांना कामावरून काढलं. "ताई, मी तर घरीपन सांगितलं नव्हतं. त्याला कुनी सांगितलं?"

सर मागेच उभे होते. म्हणाले, "आमच्याकडून काही गेलेलं नाही." किती सहज म्हणाले.

मग मात्र मला राहवलं नाही. "आमच्याकडूनच गेलं. चूक आमची आहे." सरांसमोरच तसं लिहिलं, शिक्का मारला, कागद संगीताबाईंच्या हातात दिला. सरांनी उद्या केबिनमध्ये बोलावलंय. बोलावू देत.

मला वाटलं, संगीताबाईंना निदान बरं वाटेल. त्यांनी कागद वाचला आणि विचारलं, "तुमाला कधी कळलं?"

"गुरुवारी."

"मग तेव्हाच फोन करायचा ना. शुक्रवारी जाऊन मी त्याला, कामाला हरकत नाही अशी डॉक्टरची चिठ्ठी दाखवली असती."