अकराव्या पानावरची दुरुस्ती

प्रिय भोंगू,

पत्र बघून दचकू नकोस. तीनदा फोन केला, तू उचललास, आणि तिन्ही वेळा मीच हवापाण्याचं बोलून ठेवून दिला. तोंडानं जमत नाही म्हणून लिहायला बसलोय. तुझी वहिनी जाऊन आज तीन महिने आणि चार दिवस झाले. मी बरा आहे. म्हणजे जेवतो, झोपतो, छापखान्यात वेळेवर पोचतो. ती गेली त्या दिवशी वर्तमानपत्रात द्यायच्या बातमीचं प्रूफ माझ्याच हातात आलं, तर 'दुःखद'मधला विसर्ग राहिला होता. तो घातला आणि कागद परत केला. लोकांना वाटतं मी मन घट्ट केलंय. शेजारच्या मावशी म्हणतात, एकदा रडून मोकळे व्हा. मी हो म्हणतो. रडू येत नाही, दुसरंही काही येत नाही. काल तिच्या साड्या कपाटातून काढल्या, घड्या मोडून पुन्हा घातल्या आणि होत्या तिथेच ठेवल्या. का, ते विचारू नकोस.

परवा तुझ्या दवाखान्यातल्या मोठ्या सिस्टर रस्त्यात भेटल्या. त्यांच्याकडून कळलं की तू बायकांचा मंगळवारचा वर्ग बंद केलास. तक्ते गुंडाळून कपाटावर टाकलेस आणि त्यांना म्हणालीस, जिला घरच्या बाईला समजेल असं लिहिता आलं नाही तिनं बाहेरच्यांना काय शिकवायचं. मी मान हलवली आणि भाजी घेऊन घरी आलो. तू हे स्वतःच्या डोक्यावर घेऊन बसली आहेस, आणि त्यासाठीच हे पत्र आहे. जरा आडवळणानं येतो, सांभाळून घे.

तुझा पहिला वर्ग आठवतो? गर्भाशयाचं ते प्लास्टिकचं मॉडेल बसमधून आणायचं काम माझ्याकडे होतं. पिशवीतून डोकावू नये म्हणून मी वर कोबीचा गड्डा ठेवला होता. तू सगळ्यांसमोर कोबी बाजूला काढलास आणि तुझी वहिनी पदर तोंडाला लावून हसत सुटली. मग तू बोलायला लागलीस, ज्या आवाजामुळे पाळण्यातच तुझं नाव भोंगू पडलं त्या आवाजात. खिडकीखालचा सायकलवाला पंक्चर काढायचं सोडून ऐकत राहिला. वहिनी घरी आली आणि एक्कावन्नाव्या वर्षी तिला आपल्या पोटात काय काय आहे ते कळलं म्हणून मला सांगत बसली. मी ताट पुसता पुसता ऐकलं, नजर ताटावर ठेवून. मी भांडी घासायचो, तिच्या पगाराला कधी हात लावला नाही, छापखान्यात तुझं कौतुक सांगून सगळ्यांना वात आणायचो, आणि स्त्रीवाद आपल्या घरी केव्हाच आलाय म्हणून कॉलर ताठ करायचो. तो शब्द मी शेकडो वेळा तपासलाय गं. ऱ्हस्व-दीर्घ बरोबर आहे एवढंच बघितलं. तू त्या खोलीत बाईच्या अंगातल्या गोष्टींना त्यांच्या नावानं हाक मारत होतीस. ते केवढं मोठं काम होतं हे मला आत्ता कळतंय, आणि कळून उपयोग नाही.

वहिनीची पाळी जाऊन तीन वर्षं झाली होती. मग पुन्हा रक्त जायला लागलं. थोडं, मधूनमधून, अजिबात न दुखता. तिनं मला सांगितलं नाही, तुलाही नाही. तू वर्गातल्या बायकांसाठी लिहिलेली आणि आमच्या छापखान्यात छापलेली पुस्तिका तिनं काढली. अकराव्या पानावर छापलं होतं, पाळी गेल्यानंतर पुन्हा त्रास सुरू झाला तर लगेच तपासून घ्या. तिला त्रास नव्हता. आठ महिने तिनं अंगावर काढलं, आणि तपासलं तोवर गर्भाशयाचा कॅन्सर पसरला होता. दवाखान्यात तुला म्हणालीसुद्धा, त्रास असा काही नव्हताच गं, पुस्तिकेत दोनदा बघितलं मी. तुझा चेहरा तेव्हा पांढरा पडला. तुझ्या दवाखान्याच्या साहेबांनी पुस्तिकेची भाषा सौम्य ठेवायला सांगितली होती, दोन-तीन ठिकाणी तू बदल केले होतेस, त्यातलाच हा एक असणार, असं तूच मला म्हणालीस. मी पलंगाच्या पायथ्याशी थर्मास धरून उभा होतो. मी पाणी भरायला निघून गेलो.

तो बदल तुझा नव्हता. तुझ्या हातचं पान माझ्या खणात होतं, ते सोबत पाठवतोय. तू लिहिलं होतंस, पाळी गेल्यानंतर रक्ताचा एक थेंब जरी गेला, दुखत नसलं तरी, लगेच तपासून घ्या. त्यावरची लाल रेघ माझी. वर 'पुन्हा त्रास सुरू झाला तर' लिहिलंय ते अक्षरही माझंच. मला कुणी सांगितलं नव्हतं. पुस्तिका घराघरात जाणार, माझ्या बहिणीचं नाव वर, आत असले शब्द कशाला, एवढंच वाटलं. शेवटचं प्रूफ तुला दाखवायला हवं होतं. मी आहे ना, म्हणालो आणि दाखवलं नाही. लाज मला वाटत होती, तुला कधीच वाटली नव्हती. माझ्याशी बोलणं सोडलंस तरी चालेल, माफ तर करूच नकोस. पण येत्या मंगळवारी वर्ग घे. हे पान बायकांच्या हातात दे, रेघ कुणाची ते सांग. आणि एवढं नक्की सांग, की तुझी वहिनी अडाणी नव्हती. मी जे छापून दिलं, ते तिनं नीटच वाचलं होतं.

तुझाच,
दादा