जनेलच्या यादीचा वचपा

३ जानेवारी, शुक्रवार
आज आमच्या एल्क क्रॉसिंग लायब्ररीच्या दारात यादी लागली. 'आमच्या स्टाफला आवडलेली पॉडकास्ट.' केली कोणी? जनेल कोवाल्कीनं. मुलांच्या विभागात येऊन तिला जेमतेम सव्वा वर्ष झालंय. मी रेफरन्स डेस्कवर बावीस वर्षं बसतोय. मी सुचवलेलं 'धान्याची कोठारं: एक इतिहास' यादीत नाही. प्रत्येक भाग साडेतीन तासांचा, पण क्षणभर कंटाळा येत नाही. (४ ते १९ हे भाग जरा संथ आहेत, ते सोडून.)
कारण विचारलं. म्हणाली, "ऑर्विल, दहाचीच जागा होती हो." यादी मोजली. अकरा निघाली. अकरावं पॉडकास्ट कुत्र्यांना झोप लागावी म्हणून लावायचं आहे.
मी बोलणाऱ्यांतला नाही. वचपा काढणाऱ्यांतला आहे.

६ जानेवारी, सोमवार
खरा घाव आज बसला. आमची डायरेक्टर मार्लिस ब्रँडव्होल्ड हिनं केबिनमध्ये बोलावून सांगितलं की गुरुवारची मोठी खोली आता जनेलच्या नव्या पॉडकास्ट 'श्रोता मंडळा'ला. त्या खोलीत माझं वाचक मंडळ दर गुरुवारी एकोणीस वर्षं भरतंय! मार्लिस म्हणाली, "अरे, पण येतात किती जण?" म्हटलं, मागच्या खेपेला तिघं होतो. "तुला धरून?" म्हटलं, मला धरून. आता आम्ही झेरॉक्स मशीनच्या खोलीत.
बायकोला सांगितलं. व्हर्ना म्हणाली, "मग तूही जाऊन बस की तिच्या मंडळात." पस्तीस वर्षांच्या संसारात ही बाई एकदा तरी माझ्या बाजूनं... असो.
संकल्प: महिन्याभरात जनेलला पाणी पाजायचं. थंड डोक्यानं.

८ जानेवारी, बुधवार
यादीच्या साठ छापील प्रती काउंटरवर होत्या. जनेल जेवायला गेली तेव्हा सगळ्या उचलल्या आणि लायब्ररीत मोफत मिळणाऱ्या इन्कम टॅक्सच्या फॉर्मांच्या रॅकमध्ये मागे कोंबल्या. तिथे हौसेनं कोणी फिरकत नाही.

१३ जानेवारी, सोमवार
टॅक्सचा मोसम सुरू झालाय हे ध्यानातच आलं नाही. साठही प्रती गेल्या. मार्लिस मीटिंगमध्ये म्हणाली, "फॉर्मांशेजारी यादी! काय डोकं चालवलंय जनेलनं!" जनेल म्हणाली, मी नाही ठेवली, पण ज्यानं ठेवली त्याचे आभार. टाळ्या. आणखी दोनशे छापायचं ठरलं.
छापल्या मी.

१५ जानेवारी, बुधवार
नवी योजना. यादीतलं पहिलं पॉडकास्ट ऐकायचं, चुका शोधायच्या आणि सगळ्यांदेखत नाक कापायचं. नाव 'तळ्यात गेलेली बोट'. विस्कॉन्सिनचा एक दातांचा डॉक्टर बोटीसकट गायब होतो, त्याची शोधकथा. पहिल्याच भागात नऊ चुका! भर जुलैत वॉलाय मासा काठाशी मिळत नाही हेसुद्धा या लोकांना ठाऊक नाही. आणि असल्या पोरकट गोष्टीला पहिला नंबर!

१७ जानेवारी, शुक्रवार
आणखी पाच भाग ऐकले. चुका: दोन. पुढचं ऐकल्याशिवाय आरोप पक्का होणार नाही.

२० जानेवारी, सोमवार
व्हर्नाला गुडघ्याच्या डॉक्टरकडून आणायला गेलो. सातव्या भागाची अकरा मिनिटं उरली होती, म्हणून पार्किंगमध्येच गाडीत थांबलो. ती दवाखान्याबाहेर उभी होती. थंडी उणे अठरा. मला दिसली नाही असं नाही, पण त्या दातांच्या डॉक्टरच्या भावाची साक्ष चालली होती.
घरी बूट काढताना म्हणाली, "ऑर्विल, तू नक्की वचपा कोणाचा काढतोयस?"
व्हर्नाला संशोधन कळत नाही.
(भावानंच केलं. मला तिसऱ्या भागापासूनच शंका होती.)

२३ जानेवारी, गुरुवार
चुकांची यादी जनेलच्या हातात दिली. एकूण अकरा. म्हटलं, हिचा चेहरा उतरणार. ती म्हणाली, "अय्या, तुम्ही ऐकलंत! कितव्या भागाला आहात?" संध्याकाळी तिनं ती यादी आपल्या मंडळात वाचून दाखवली. झेरॉक्सच्या खोलीत आम्हाला हशा ऐकू येत होता. 'आम्हाला' म्हणजे मी, एल्मर आणि हॉगनबाई. एल्मर दहा मिनिटांत उठला. इथे हीटर नाही म्हणाला. मग हॉगनबाई म्हणाल्या, "तिकडे काय चाललंय, जरा बघून येते हं." कोट घेऊन गेल्या. नुसतं बघून येणारं माणूस कोट नेत नाही.
तरी पाऊण तास थांबलो. पुस्तकात खुणेच्या चिठ्ठ्या लावून आणल्या होत्या, त्या काढल्या. खुर्च्या एकट्यानंच उचलल्या. तीनच होत्या.
आता दयामाया नाही.

२५ जानेवारी, शनिवार
स्वतःचं पॉडकास्ट सुरू केलं! निनावी. 'डेस्कमागचं सत्य'. माइक लायब्ररीतूनच घरी आणला, माझ्या कार्डावर. आवाज ओळखू येऊ नये म्हणून नाकाला कपड्यांचा चिमटा, तोंडावर मफलर. नाव कोणाचं घेतलं नाही, नुसती 'क्ष'. क्ष दिवसभर एकच ओळ गुणगुणते. क्ष दुसऱ्याचं दही खाते आणि रिकामा डबा धुऊन परत फ्रिजमध्ये ठेवते. क्ष चार वर्षांच्या पोराशी बोलावं तसं साठीच्या माणसाशी बोलते. अठ्ठावीस मिनिटं नुसती आग ओकली. शेवटी श्वास लागला, तोही रेकॉर्ड झाला.
व्हर्ना दारातून म्हणाली, "चिमटा परत जागेवर ठेव."

२८ जानेवारी, मंगळवार
श्रोते: चार. त्यांत तीन वेळा मीच. चौथा कोण?

३१ जानेवारी, शुक्रवार
हॉगनबाई डेस्कवर आल्या. वय एकोणऐंशी. म्हणाल्या, "सर्दी गेली का? त्या भागात नाक फारच चोंदलं होतं तुमचं." म्हटलं, कुठला भाग? कसली सर्दी? डोळा मारून गेल्या.
वेश बदलण्यात कुठेतरी कमी पडलो. पुढच्या भागाला दोन चिमटे.

५ फेब्रुवारी, बुधवार
श्रोते: दोनशे चाळीस! आणि जनेल आज लाल डोळ्यांनी आली. सारखी टिपत होती. बाण वर्मी लागला.
दुपारी तीन. जरा कसंसंच होतंय. सूड घेतल्यावर असं होतं का, ते आमच्याच रेफरन्स विभागात शोधलं. होतं म्हणे, थोडा वेळ.
चार वाजले तरी होतंच होतं, म्हणून तिच्यापुढे माझा दह्याचा डबा ठेवला. म्हणाली, "थँक्यू हो! या नव्या लेन्सनी डोळ्यांची नुसती आग होतेय." आणि खाल्लं.
कसंसं होणं थांबलं. तिसरा भाग आजच रेकॉर्ड करणार.

७ फेब्रुवारी, शुक्रवार
दारात नवी यादी. पहिल्या नंबरावर 'डेस्कमागचं सत्य'! खाली जनेलच्या अक्षरात शेरा: 'चिडक्या म्हाताऱ्या ग्रंथपालाचं धमाल पात्र. आपल्याच ऑर्विल टेसडालनं काय झकास वठवलंय! हसून पोट दुखेल.'
विनोदी. मला विनोदी म्हणाली! (नाव हॉगनबाईंनी फोडलं असणार.)
मार्लिस धावत आली. "अरे, तू असा गमत्या असशील असं वाटलं नव्हतं! पुढच्या गुरुवारी मोठ्या खोलीत लोकांसमोर कर. जनेल आनंदानं जागा देतेय." नकार देणार होतो. मग विचार केला: शत्रू स्वतः सगळ्या गावाला बोलावतोय, पहिल्या रांगेत बसतोय आणि माझ्या हातात माइक देतोय. चिमटा नाही, मफलर नाही. तोंडावर बोलायचं. एकोणीस वर्षांच्या गुरुवारांचं उट्टं एका गुरुवारात.

१३ फेब्रुवारी, गुरुवार
एक्याऐंशी माणसं. माझ्या मंडळाला एकोणीस वर्षांत मिळून एवढी आली नसतील. एल्मर हीटरला पाठ लावून बसला होता. व्हर्नाही आली होती, गुडघा धरून.
जनेल पहिल्या रांगेत, अगदी मधोमध. प्रत्येक वाक्य तिच्या डोळ्यांत बघून बोललो. गुणगुणणं, दही, ते लाडिक बोलणं, यादी, खोली, सगळं काढलं. ती हसून हसून वाकली होती. शेवटी राहवलं नाही. माइक घट्ट धरून म्हटलं, "ही थट्टा नाही. हे शब्दन् शब्द खरं आहे. ती बाई आत्ता या खोलीत बसली आहे!"
सगळ्यांत मोठा हशा त्यालाच झाला.
लोक गेल्यावर खुर्च्या उचलायला जनेल थांबली. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाली, "ऑर्विल, राग नका मानू, पण क्ष म्हणजे मार्लिस ना?"
म्हटलं, नाही.
"मग तुमच्या आधीच्या नोकरीतली कोणी?"
म्हटलं, असेल.
तिनं हातातली खुर्ची खाली ठेवली. माझा हात धरला. डोळ्यांत खरोखरचं पाणी होतं, लेन्सचं नाही. म्हणाली, "कसं सहन केलंत हो तुम्ही? मी तर असल्या बाईजवळ एक दिवस टिकले नसते."
बावीस वर्षांत या लायब्ररीत माझ्याशी इतक्या मायेनं कोणी बोललं नव्हतं.
मी थँक्यू म्हणालो.